सपाट सोलापुरात पाठीवर वजन घेऊन चालणे

सोलापूर हे चालणाऱ्यांच्या सोयीचे शहर आहे आणि काही काळाने हीच सोय व्यायामाच्या आड येते. समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीच्या पठारावर वसलेल्या या शहरात पहाटे घराबाहेर पडले की होम मैदान असो, धर्मवीर संभाजी तलावाचा काठ असो की जुळे सोलापुरातील वसाहतींमधले रस्ते असोत, पायाखालची वाट बहुतेक ठिकाणी सपाटच असते. पुण्याच्या माणसाला पर्वतीच्या पायऱ्या आहेत, साताऱ्याच्या माणसाला अजिंक्यतारा आहे. आपल्याकडे रोजच्या फेरीत दम लागावा असा चढ नाही. ठरलेल्या वेगाने रोज तेवढेच अंतर चालणाऱ्याचे शरीर काही महिन्यांत त्या श्रमाला सरावते आणि मग तीच फेरी प्रकृती राखायला पुरत असली, तरी ताकद वाढवायला पुरत नाही.

अशा वेळी चालण्याचा वेळ वाढवता येतो किंवा वेग वाढवता येतो. मी शाळेत शिकवते, सकाळचे वर्ग असतात आणि त्याआधी घरातले डबे करायचे असतात, त्यामुळे वेळ वाढवण्याला फारसा वाव नव्हता. वेगालाही मर्यादा आहे, कारण ताशी सात किलोमीटरच्या आसपास बहुतेकांचे चालणे संपते आणि धावणे सुरू होते. राहिला तिसरा मार्ग, तो म्हणजे पाठीवर थोडे वजन घेऊन चालण्याचा. सैनिकी प्रशिक्षणात हा प्रकार फार जुना आहे आणि अलीकडे तो ‘रकिंग’ या नावाने शहरी लोकांतही पसरू लागला आहे. संभाजी तलावाच्या काठावर माझ्या पाठीवरची सॅक पाहून ओळखीचे लोक थांबून विचारतात की याने वजन किती उतरते, किती किलो भरायचे, पाठ दुखत नाही का. या प्रश्नांची उत्तरे चालता चालता देता येण्यासारखी नाहीत, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी वजन उतरण्याच्या अपेक्षेविषयी लिहायला हवे, कारण या व्यायामाविषयी सर्वाधिक अतिशयोक्ती तेथेच होते. ओझे घेऊन चालताना शरीर किती ऊर्जा खर्च करते याचे एक प्रसिद्ध सूत्र अमेरिकी लष्कराच्या संशोधन संस्थेतील पँडॉल्फ, गिव्होनी आणि गोल्डमन यांनी १९७७ साली मांडले. माणसाचे वजन, ओझ्याचे वजन, चालण्याचा वेग, रस्त्याचा चढ आणि जमिनीचा प्रकार एवढ्या गोष्टी त्यात विचारात घेतल्या जातात. त्या सूत्राने हिशेब केला, तर ६५ किलो वजनाची व्यक्ती सपाट डांबरी रस्त्यावर ताशी ५ किलोमीटर वेगाने तासभर चालली असता सुमारे २४५ किलोकॅलरी खर्च करते. तिच्या पाठीवर साडेसहा किलोंची सॅक दिली, तर हा आकडा सुमारे २६३ होतो. म्हणजे तासाभराच्या चालण्यात वाढ झाली ती जेमतेम १८ किलोकॅलरींची, आणि तेवढी ऊर्जा आपल्या शेंगाचटणीच्या एका छोट्या चमच्यात असते. ओझे १० किलोंपर्यंत नेले तरी खर्च २७३ च्या आसपास राहतो. नंतरच्या काळात झालेल्या मोजण्यांत हे सूत्र प्रत्यक्षापेक्षा काहीसा कमी खर्च दाखवते असे आढळले आहे. पण ती दुरुस्ती गृहीत धरली तरी सॅक पाठीला लावल्याने कॅलरी दुप्पट होतात हा समज टिकत नाही.

याच सूत्रात आणखी दोन आकडे घालून पाहण्यासारखे आहेत. तीच व्यक्ती रिकाम्या पाठीने ताशी ६ किलोमीटर वेगाने चालली तर खर्च सुमारे ३१७ किलोकॅलरींवर जातो आणि ताशी ५ किलोमीटर वेगानेच पण शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या वाटेवर चालली तर सुमारे ३८० वर. याचा अर्थ स्पष्ट आहे. ऊर्जा खर्च करणे एवढाच हेतू असेल, तर चढ सर्वांत प्रभावी, त्याखालोखाल वेग आणि वजन त्यांच्या बरेच मागे. ज्याला झपाझप चालता येते आणि अजून वेग वाढवण्याची कुवत आहे, त्याने आधी वेग वाढवावा असे मी मनापासून सांगते.

मग वजन घ्यायचे कशासाठी? माझ्या मते त्याचे खरे लाभ कॅलरींच्या हिशेबात नीट दिसत नाहीत. पाठीवर भार आला की धड ताठ ठेवण्यासाठी पाठीच्या कण्यालगतचे आणि पोटाचे स्नायू सतत काम करत राहतात, खुब्याच्या भोवतीच्या स्नायूंवर आणि पोटऱ्यांवर प्रत्येक पावलाला थोडा अधिक ताण येतो आणि वेग न वाढवताही हृदयाची गती थोडी वर जाते. शेवटच्या गोष्टीचे महत्त्व मला विशेष वाटते. दोघे एकत्र फिरायला निघतात तेव्हा त्यांतील एकाची चाल बहुधा मंद असते. ज्याची चाल जलद त्याने सॅक घेतली, तर दोघांना बोलत बोलत बरोबरीने चालता येते आणि दोघांनाही आपापल्या कुवतीचा व्यायाम मिळतो. माझ्या सासूबाईंबरोबर मी याच कारणाने सॅक घेऊन चालते आणि आमचे फिरणे त्यामुळे टिकून आहे.

धावण्याशी तुलना केली, तरीही हा मार्ग सौम्य ठरतो. सपाट वाटेवर चालताना जमिनीकडून पायावर येणारा जोर शरीराच्या वजनाच्या साधारण सव्वापटीच्या आत असतो, तर धावताना तो दोन ते तीन पटींपर्यंत जातो. म्हणून शरीराच्या वजनाच्या दशांशाएवढे ओझे घेऊन चालणारा माणूसही धावणाऱ्याच्या मानाने पायांना कितीतरी कमी धक्के देतो. मात्र हा हिशेब पावलापुरता आहे. गुडघ्याच्या सांध्यात स्नायूंच्या ओढीमुळे दाब अनेक पटींनी वाढतो. गुडघ्याची झीज असलेल्या स्थूल व्यक्तींवरील २००५ सालच्या एका अभ्यासात असे आढळले की शरीराचे वजन एक किलोने उतरले, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. हे उलट बाजूने वाचले, तर एक गोष्ट उघड होते. ज्यांच्या शरीरावर आधीच दहा-पंधरा किलो अधिक आहेत आणि ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांना सॅकची मुळीच गरज नाही. त्यांचा अधिक भाराचा व्यायाम घरातून बाहेर पडल्या क्षणापासून सुरूच असतो.

आता वजन कोठे असावे हे पाहू, कारण माझ्या अनुभवात किती वजन घ्यावे याहून हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. बाजारात घोट्याला बांधायची वजने सहज मिळतात आणि अनेक जण ती बांधून फिरताना दिसतात. सोल आणि गोल्डमन यांनी १९६९ साली डोके, हात आणि पाय अशा वेगवेगळ्या ठिकाणी वजन देऊन मोजणी केली, तेव्हा पायावरच्या एका किलोसाठी लागणारी ऊर्जा धडावरच्या एका किलोच्या सुमारे चार ते सहा पट निघाली. हे ऐकून एखाद्याला पायालाच वजन बांधावेसे वाटेल, पण पाय हा प्रत्येक पावलाला झुलणारा अवयव आहे; त्याच्या टोकाला वजन लावले की पावलाची नैसर्गिक लय बिघडते आणि घोटा, गुडघा व खुबा यांवर आडवा ताण येतो. हातात डंबेल घेऊन चालण्यानेही खांदे आणि मान अवघडतात, शिवाय मूठ सतत आवळलेली राहिल्याने रक्तदाब वाढू शकतो. म्हणून भार धडावरच असावा आणि शक्यतो पाठीच्या वरच्या भागाशी चिकटून असावा, या निष्कर्षाला मी आले आहे. वजनाचे जाकीट मिळते आणि त्यात भार पुढे-मागे सारखा विभागला जातो हे खरे, पण ते महाग असते आणि सोलापूरच्या हवेत छाती आणि पाठ दोन्ही झाकणारे कापड मला सोसवत नाही.

घरात असलेली साधी सॅक पुरते. तिला रुंद, जाड पट्टे असावेत आणि कमरेला व छातीला आवळायचे पट्टे असतील तर फारच उत्तम, कारण कमरेचा पट्टा नीट आवळला की भाराचा सुमारे तिसरा हिस्सा खांद्यांवरून उतरून कमरेच्या हाडांवर येतो. भरायला मी ज्वारी वापरते. दोन किलोंच्या आणि एक किलोच्या घट्ट शिवलेल्या कापडी पिशव्या करून ठेवल्या की वजन हवे तसे कमी-जास्त करता येते, टोचत नाही आणि सॅकच्या आकारात ज्वारी सहज बसते. पाण्याच्या बाटल्या हा दुसरा चांगला पर्याय, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो आणि मध्येच थकवा आला तर पाणी झाडाला घालून भार तेथेच हलका करता येतो. बाटली मात्र गच्च भरलेली असावी. अर्धवट भरलेल्या बाटलीतले पाणी प्रत्येक पावलाला हिंदकळते आणि तोल ढळतो. विटा आणि लोखंडी प्लेटा टाळलेल्या बऱ्या. सॅकच्या तळाशी जाड सोलापुरी चादर घडी करून ठेवावी, म्हणजे वजन खाली कमरेवर न लोंबता खांद्यांच्या पात्यांच्या पातळीला येते, आणि पाठीच्या बाजूला टर्किश टॉवेल उभा लावावा, म्हणजे घाम टिपला जातो आणि कण्याला काही रुतत नाही. या दोन्ही वस्तू आपल्या गावच्या आहेत आणि या कामासाठी याहून चांगल्या मला मिळालेल्या नाहीत.

किती वजनाने सुरुवात करावी याबाबत मी सावध आहे. शरीराच्या वजनाच्या पाच टक्क्यांपासून आरंभ करावा, म्हणजे साठ किलोंच्या माणसाने तीन किलो. तेही आठवड्यातून दोन दिवस, मधल्या दिवसांत रिकाम्या पाठीने चालून. दोन-तीन आठवडे काहीही दुखले नाही तरच एखादा किलो वाढवावा आणि वजन वाढवलेल्या आठवड्यात अंतर किंवा वेग वाढवू नये. लष्करातील नव्या भरतीच्या जवानांना तळपायाच्या लांब हाडांत बारीक भेगा पडण्याचा जो विकार होतो, त्याचे मुख्य कारण भार आणि अंतर अचानक वाढणे हेच असते. स्नायूंना काही आठवड्यांत बळ येते, हाडांना आणि स्नायुबंधांना त्याहून अधिक काळ लागतो. चालताना पूर्ण वाक्य बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढाच दम लागू द्यावा. पावले नेहमीपेक्षा किंचित आखूड ठेवावीत, मान पुढे काढू नये आणि कंबरेतून वाकू नये. वाकावे लागत असेल तर वजन जास्त झाले आहे असे समजावे. हाताच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तर पट्टे काखेजवळच्या नसांवर दाबत आहेत हे ओळखून सॅक लगेच उतरवावी. ती बधिरता दुर्लक्षित केली, तर हाताची ताकद काही काळ कमी होण्यापर्यंत मजल जाते.

भाराचा सराव हळूहळू करायचा असतो ही गोष्ट सोलापूरकराला खरे तर वेगळी सांगायला नको. मकर संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात आणि शहरातील ६८ लिंगांना प्रदक्षिणा घालतात. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी आणि भक्त त्या उंच, जड काठ्या तोल सांभाळत पेलतात तेव्हा पाहणाऱ्याचा श्वास अडकतो, पण त्यामागे यात्रेच्या कितीतरी आधीपासून सुरू झालेला सराव असतो. त्या सरावात नवखा मुलगा जाणत्यांच्या नजरेखाली थोडे अंतर काठी पेलतो आणि दुसऱ्याच्या हाती देतो. भार शरीराच्या मध्यरेषेवर कसा ठेवायचा, पाऊल कधी टाकायचे, थकण्याआधी काठी कशी सोपवायची, हे तो तेथे शिकतो. भार शरीराजवळ ठेवणे आणि थकवा येण्याआधी थांबणे हे दोन नियम मी या सरावाकडे पाहूनच पक्के केले.

कौशल्याने भार हलका होतो याचा शास्त्रीय पुरावाही आहे. केनियातील लुओ आणि किकुयू समाजातील स्त्रियांची मोजणी १९८६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्या स्त्रिया आपल्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचे ओझे डोक्यावर घेऊन चालल्या तरी त्यांचा ऊर्जाखर्च वाढला नव्हता. लहानपणापासूनच्या सवयीने त्यांची चाल तशी घडली होती. आपल्या जिल्ह्यात दुष्काळाच्या वर्षांत डोक्यावर दोन-दोन घागरी घेऊन मैलभर चालणाऱ्या बायका मी लहानपणी पाहिल्या आहेत आणि त्यांची ताठ, संथ चाल अजून डोळ्यांसमोर आहे. पण त्यांच्या श्रमाला व्यायाम म्हणणे मला योग्य वाटत नाही. बाजार समितीत कांद्याची पोती वाहणारा हमाल असो की पाणी वाहणारी बाई असो, त्यांना वजन ठरवण्याचा किंवा विश्रांतीचा दिवस निवडण्याचा अधिकार नसतो आणि वय झाले की मान, कंबर आणि गुडघे त्याची किंमत मोजतात. आपल्याला ती निवड आहे, तर ती शहाणपणाने वापरावी.

उन्हाळ्याबद्दल थोडे ठामपणे लिहिते. एप्रिल-मे मध्ये सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर जातो आणि अनेकदा त्याहून बराच चढतो. चालताना खर्च होणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णता होऊन बाहेर पडतो आणि ती बाहेर टाकण्याचा आपला मुख्य उपाय घाम आहे. सॅकने पाठ झाकली की तेवढ्या भागातला घाम वाळत नाही, म्हणजे उष्णता वाढते आणि ती जाण्याची वाट अरुंद होते. म्हणून उन्हाळ्यात मी वजन निम्म्यावर आणते, सूर्योदयाच्या आत फेरी संपवते आणि रात्रभर उकाड्याने झोप नीट झाली नसेल तर त्या दिवशी सॅक घेतच नाही. डोके दुखणे, मळमळणे किंवा अंगावर काटा येणे यांपैकी काहीही जाणवले, तर सॅक उतरवून सावलीत बसावे आणि पाणी प्यावे. दिवाळीनंतरचे तीन महिने हे या व्यायामासाठी सोलापुरात सर्वांत चांगले असतात आणि सुरुवात करायची असेल तर ती तेव्हाच करावी.

माझ्या वयाच्या मैत्रिणी एक प्रश्न हमखास विचारतात, तो हाडांचा. रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होतात आणि भार घेऊन चालल्याने ती टिकतात असे त्यांनी ऐकलेले असते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, रजोनिवृत्ती झालेल्या काही स्त्रियांनी पाच वर्षे वजनाचे जाकीट घालून व्यायाम केला आणि त्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता टिकून राहिली. मात्र त्यांच्या व्यायामात उड्या मारणेही होते आणि अभ्यासातील स्त्रियांची संख्या लहान होती. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात १५० ज्येष्ठ, स्थूल व्यक्तींनी वर्षभर वजन उतरवले. त्यांतील काहींनी रोज जाकीट घातले, तरी वजन उतरताना होणारी खुब्याच्या हाडाची झीज त्याने थांबली नाही. त्यामुळे केवळ हाडांसाठी सॅक घ्यावी असे मी कोणालाही सांगणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबर दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायामही सांगितलेला आहे, आणि तो दुसरा भाग सॅक घेतल्याने पूर्ण होत नाही. बैठका आणि हातांचा व्यायाम वेगळा करावाच लागतो.

काही जणांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. गरोदर स्त्रिया, मणक्याची गादी सरकलेले, मणक्याचे हाड पूर्वी दबलेले, रक्तदाब आटोक्यात नसलेले आणि हृदयाचा आजार असलेले लोक त्यांत येतात. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांचा उल्लेख मला स्वतंत्रपणे करावासा वाटतो. अशा पायाला वाढलेला दाब कळत नाही, जखम होते आणि ती घरी येऊन पाय धुताना दिसते. त्यांनी सॅकचा विचार सोडून चांगल्या बुटांवर पैसे खर्च करावेत. खरे तर चप्पल घालून भार वाहणे कोणीच करू नये. टाच धरून ठेवणारे, पुढे बोटांना जागा असणारे बूट हवेतच.

माझी स्वतःची मर्यादा मी शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर ठेवली आहे आणि ती वाढवण्याचा विचार नाही. वर दिलेला हिशेब पाहता त्यापुढे प्रत्येक किलोमागे लाभ थोडा वाढतो आणि सांध्यांवरचा ताण मात्र त्याहून अधिक वाढतो. व्यायाम आणखी वाढवावासा वाटेल तेव्हा चढ शोधणे अधिक फायद्याचे आहे आणि टेकडी नसलेल्या शहरातही जिने आहेत. पावसाळ्यात रस्ते निसरडे होतात त्या दिवसांत मी आमच्या इमारतीचा जिना चढते. सॅक मात्र तेव्हा घरीच असते, कारण जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीवर येणारा दाब सपाट चालण्यापेक्षा पुष्कळ जास्त असतो आणि त्यात भर घालण्याचे काही कारण मला दिसत नाही.